कागदावर साडेसात वर्षांची

लेकीची आकडी साडेतीन मिनिटांत थांबली. कागदावरचं तिचं वय दुरुस्त करून घेण्यात मात्र रात्रीचा मोठा भाग गेला. मुलांना तापात आकडी येते तेव्हा काय करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण रजिस्ट्रेशनच्या खिडकीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे लिहितोय. राग अजून पुरता उतरलेला नाही, तो मधेमधे डोकावेल.

लेक अडीच वर्षांची. आम्ही सगळे, म्हणजे आई, बायको, मेव्हणा आणि त्याची मुलं, तळ्याकाठच्या बागेत गेलो होतो. सकाळी तिचं नाक थोडं गळत होतं, बाकी बरी होती. दुपारी मांडीवर येऊन निजली आणि अंग एकदम तापलं. बायको बॅगेत औषध शोधत होती तेवढ्यात लेकीचे डोळे वर फिरले, अंग ताठ झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. ओठ निळसर पडले. आई ओरडली, "दातखीळ बसली रे, चमचा घाल तोंडात!" कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मेव्हण्याने कंपनीत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलेलं. त्याने दोघांनाही हाताने मागे सारलं, लेकीला कुशीवर वळवलं आणि मला म्हणाला, "भावोजी, तोंडात काही नको. धरून ठेवू नका, फक्त डोकं आपटू देऊ नका. मी टाइम लावलाय."

तो टाइम लावला हे फार बरं झालं. हॉस्पिटलमध्ये ज्याने त्याने पहिला प्रश्न हाच विचारला: किती वेळ चालली? त्या क्षणी माझ्या हिशेबाने अर्धा तास झाला होता. ५ मिनिटांच्या पुढे आकडी गेली तर ती आपोआप थांबायची वाट बघायची नसते, औषध देऊन थांबवावी लागते, म्हणून घड्याळाला एवढं महत्त्व. आणि जीभ घशात जाते वगैरे खरं नाही. चमच्याने दात मोडतात किंवा घालणाऱ्याचं बोट चावलं जातं. पाणी किंवा औषध तोंडात ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कॅज्युअल्टीत पोचलो तोवर ती गाढ झोपली होती. आकडीनंतर मूल असं गुंगीत जातं. तिथल्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. बोट टोचून साखर बघितली, मान ताठ आहे का, अंगावर पुरळ आहे का ते तपासलं, कान-घसा पाहिला, रक्त घेतलं. ताप ३९.६ सेल्सिअस. थोड्या वेळाने लेकीने डोळे उघडले, आईला ओळखलं आणि सिस्टरच्या पेनसाठी हात पुढे केला. डॉक्टर म्हणाल्या, ही तापातली आकडी, ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते, शंभरातल्या २ ते ५ मुलांना येतेच. दोन्ही हातपाय सारखे हलले, १५ मिनिटांच्या आत थांबली, २४ तासांत पुन्हा आली नाही तर साधी समजायची. मेंदूला इजा होत नाही. काही तास इथे ठेवू आणि सोडू.

इथे सगळं संपायला हवं होतं.

मधल्या वेळात मेव्हण्याने खिडकीवर फॉर्म भरून दिला होता. लेकीच्या मनगटाला पट्टी बांधली गेली. पट्टीवर बारकोड, नाव आणि मुंगीएवढ्या अक्षरांत वय. ते वय कोण वाचतं? मग ड्युटी बदलली. नवे डॉक्टर कॉम्प्युटरसमोर उभे राहून मोठ्या डॉक्टरांना फोनवर केस सांगत होते: "साडेसात वर्षांची मुलगी, तापात पहिलीच आकडी..." पलीकडून जे सांगितलं गेलं ते त्यांनी परत उच्चारत टाइप केलं: दाखल करा, मेंदूचं स्कॅन, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख). कारण सरळ आहे. साडेसाताव्या वर्षी पहिल्यांदा आकडी आली तर ती 'तापातली' म्हणून सोडून देत नाहीत, दुसरं कारण शोधतात. फोनवरच्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं.

बायको खाटेवरून म्हणाली, "साडेसात कोण?"

डॉक्टरांनी लेकीकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. २०२३ चा २०१८ झाला होता. मेव्हण्याने लिहिलेला फॉर्म मी नंतर पाहिला, इंग्रजी तेवीस चांगला तेविसासारखा आहे, पण टाइप करणाऱ्याने अठरा वाचला. गंमत म्हणजे कॉम्प्युटरला शंका आली होती. वजन १२ किलो आणि वय साडेसात हे जुळत नाही असा लाल चौकोन स्क्रीनवर येत होता आणि प्रत्येक जण तो क्लिक करून बंद करत होता. औषधाचा डोस वजनावर काढला होता म्हणून तो तरी बरोबर गेला. डॉक्टर भले होते. म्हणाले, "मला दिसतंय हो बाळ केवढं आहे ते. पण वय मला इथून बदलता येत नाही. तुम्ही रजिस्ट्रेशनला दुरुस्त करून घ्या, मी सरांना परत फोन करतो."

मग मी आणि ती खिडकी.

"जन्मतारीख बदलता येत नाही."

"बदलायची नाही, तुमच्याकडून चुकीची पडली आहे ती बरोबर करायची आहे."

"म्हणजे बदलायचीच ना."

पुरावा म्हणून जन्मदाखल्याची मूळ प्रत हवी. बागेत फिरायला जाताना जन्मदाखला कोण घेऊन जातं? बायकोच्या फोनमध्ये लसीकरण कार्डाचा फोटो होता, तो चालणार नाही. चुकीची तारीख टाकताना तुम्ही कुठला पुरावा मागितला होतात, असं विचारलं तर गृहस्थ माझ्या मागच्या माणसाकडे बघून म्हणाले, "पुढचे." दुरुस्तीला सुपरवायझरचं लॉगिन लागतं आणि सुपरवायझर जेवायला गेलेत. जेवून आले तेव्हा कळलं की त्यांना डॉक्टरांचं पत्र हवं. डॉक्टर तोवर दुसऱ्या पेशंटपाशी, आणि तिथे मधे घुसायची माझी हिंमत नव्हती, घुसूही नये. इकडे स्कॅनवाल्यांचा माणूस ट्रॉली घेऊन वॉर्डात आलासुद्धा. बायकोने लेकीला उचलून कडेवर घेतलं आणि सांगितलं, "आधी वय, मग ट्रॉली." एवढ्या लहान मुलाला स्कॅनसाठी स्वस्थ पडून राहायला लावायचं म्हणजे बरेचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. सीटी असेल तर क्ष-किरणही आलेच. एक आकडा चुकीचा वाचला म्हणून हे सगळं.

रांगेत उभ्या उभ्या मी फोनवर वाचत होतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची २०११ ची मार्गदर्शक सूचना सापडली: साध्या ताप-आकडीत, मूल एरवी निरोगी असेल तर ईईजी आणि मेंदूचं स्कॅन नेहमीचं म्हणून करू नये. वाचून धीर आला आणि चीडही वाढली. खिडकीवरच्या माणसाला ते दाखवण्यात अर्थ नव्हता.

त्यानेच मला एक सोपा मार्ग सुचवला: "नवीन केसपेपर काढा ना, दोन मिनिटांत होईल." मी हो म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर कसल्याशा कागदासाठी तिथे आली होती, तिने मान हलवली. नवीन केसपेपर म्हणजे नवीन नंबर. रक्ताचा रिपोर्ट जुन्या नंबरावर राहणार, नव्या पट्टीशी जुळणार नाही, आणि पोरीला परत टोचावं लागणार. असा पर्याय पुढे आला तर नाही म्हणा. जुन्या नंबरातच दुरुस्ती मागा.

शेवटी सिस्टरनेच काम केलं. चार ओळींची चिठ्ठी लिहिली, डॉक्टरांचा सही-शिक्का आणला आणि सुपरवायझरला वॉर्डातून फोन लावला. ती काय बोलली ऐकू आलं नाही, पण मघाशी न चालणारा लसीकरण कार्डाचा फोटो आता चालला. तारीख बदलायला दहा सेकंद लागली असतील. मी बघत होतो. अठरावर कर्सर नेला, खोडला, तेवीस दाबला.

नवी पट्टी आली, मोठ्या डॉक्टरांना परत फोन झाला, स्कॅन आणि ईईजी रद्द. खिडकीवरचा तो गृहस्थ "सॉरी" म्हणाला का? नाही. म्हणाला, "झालं ना काम?"

तेव्हा माझं ऐकाल तर पट्टी बांधली की तिथल्या तिथे वाचा. नाव, जन्मतारीख, रक्तगट असेल तर तो, ॲलर्जी. चूक दिसली तर लगेच त्याच सिस्टरला दाखवा, कारण तपासण्या लिहिल्या जाण्याआधी दुरुस्ती करून घेणं पुष्कळ सोपं. जन्मदाखला आणि लसीकरण कार्ड या दोन्हींचे फोटो फोनमध्ये ठेवा. लसींचं डॉक्टरांनीही विचारलं होतं, मेंदूज्वराचा धोका किती हे ठरवायला ते लागतं.

आणि हो, बाकीच्यांपैकी कुणी मोकळं असेल तर आकडी चालू असताना व्हिडिओ काढावा. त्या वेळी विचित्र वाटतं, पण एकच हात हलत होता की दोन्ही, नजर एकाच बाजूला होती का, हे नंतर आम्ही चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. एकदा आलेल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाला पुन्हा येते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईने विचारलं, मग ताप आला की लगेच औषध सुरू करायचं ना, म्हणजे येणार नाही? तर नाही. तापाच्या औषधाने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळत नाही, म्हणून घड्याळ लावून डोसावर डोस द्यायचे नाहीत. गार पाण्याने आंघोळही घालायची नाही. नाकात मारायचा, आकडी थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला, ५ मिनिटांच्या पुढे गेली तरच वापरायचा, आणि डोस तिच्या वजनाप्रमाणे. तो कसा मारायचा ते आईसुद्धा शिकली. एक स्प्रे घरात, एक बायकोच्या बॅगेत. तिसरा पाळणाघरात ठेवायचा म्हणतोय, पण तिथल्या बाईंनी सांगितलंय, त्यासाठी आधी एक फॉर्म भरून द्यावा लागेल.