गोळीचे श्रेय

निमा आज फोनवर सहज म्हणाली, "मामी, बरं वाटतंय तर घे, पण ते मॅग्नेशियममुळेच आहे असं धरून चालू नकोस," आणि तेव्हापासून मी उगाचच दुखावलेली आहे.

मध्यरात्री पोटरीत गोळा आला की पलंगाच्या कडेला दात आवळून कसे बसावे लागते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. ह्यांची झोप मोडू नये म्हणून कण्हायचेसुद्धा नाही, आणि सकाळी ह्यांनीच विचारायचे की चेहरा का असा उतरला आहे! ते असो. दादरहून मॅग्नेशियमच्या गोळ्यांची डबी आणल्यापासून हा त्रास खरोखरच कमी झाला आणि तो मी स्वतःच्या निर्णयाने कमी केला, एवढेच समाधान माझ्यापाशी होते; निमाने नेमके तेच काढून घेतले.

तिने सांगितले की २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका चाचणीत रात्री पेटके येणाऱ्या ९४ जणांपैकी काहींना मॅग्नेशियम ऑक्साइड आणि काहींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या, आणि पेटके दोन्हींकडे जवळजवळ सारखेच कमी झाले. रक्त तपासून सोक्षमोक्ष लावावा म्हटले, तर शरीरातील मॅग्नेशियमचा एक टक्कासुद्धा रक्तद्रवात नसतो; बहुतेक सगळे हाडांत, स्नायूंत आणि इतर पेशींत असते.

मग मला आलेला गुण कोणाचा? त्याच सुमारास मी झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणू लागले होते आणि ऑक्टोबरचा उकाडाही सरला होता, पण भिंतीला काय श्रेय द्यायचे? पैसे डबीला पडले होते. नवस बोलल्यानंतर ताप उतरला, तर आपण पॅरासिटामॉलला नारळ वाढवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मूत्रपिंडाचा अहवाल चांगला असल्यामुळे निमाने गोळीला मनाई केलेली नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर हवे, म्हणून ती सकाळी आणि ही रात्री, हेही तिनेच ठरवून दिले आहे. डबी संपेपर्यंत तसेच चालू ठेवीन. त्यानंतर नवी न आणता नुसत्या पोटऱ्या ताणून पाहायचे ठरवले आहे, आणि गोळा आलाच तर वाजले किती हे न पाहता निमाला फोन लावायचा, हेही ठरवले आहे.