अकरा हजार फुटांचा घाट आणि पावणेतीन लिटरचं इंजिन

पिकअप ट्रक घेतला तेव्हा पुण्याच्या मावसभावाने पहिला प्रश्न विचारला, "एवढं धूड आणि इंजिन 2.7 लिटरचं? आमच्या इनोव्हाचं तेवढंच आहे की!" त्याचं बरोबर होतं. त्याची पेट्रोल क्रिस्टा 2694 सीसीची आणि माझ्या 2020 च्या फोर्ड एफ-150 मधलं इकोबूस्टही (फोर्डच्या टर्बो इंजिनाचं नाव) 2694 सीसीचंच. फरक असा की त्याचं इंजिन साधारण 166 हॉर्सपॉवर देतं आणि माझं 325, कारण माझ्या व्ही-6 च्या दोन्ही बाजूंना एकेक टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बसवलेला आहे. पिकअपमध्ये असं छोटं इंजिन चालतं का, हा वाद इथे अमेरिकेत 2011 पासून, म्हणजे एफ-150 मध्ये पहिलं 3.5 लिटरचं इकोबूस्ट आलं तेव्हापासून, चालू आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून युटातल्या मोआबला मागे राहायचा ट्रेलर लावून जाऊन आलो, तेव्हा माझ्यापुरता तो मिटला. तोही अर्धाच.

आम्ही दोन कुटुंबं होतो. दुसरी गाडी माझ्या नागपूरच्या मित्राची: जुनी टोयोटा टंड्रा, 5.7 लिटरचं व्ही-8, टर्बो नाही, कागदावर 381 हॉर्सपॉवर. दोघांचे ट्रेलर जवळपास सारखे, भरल्यावर 5,300 पौंडांच्या आसपास. ठरवूनही इतकी चांगली तुलना जमली नसती.

निघायच्या आदल्या दिवशी एक काम केलं, तेच आधी सांगतो. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर दोन्ही गाड्या भरलेल्या सामानासकट चढवल्या. थोडे डॉलर लागतात, पण डोळे उघडतात. जाहिरातीत "इतके हजार पौंड ओढतो" असं मोठ्या अक्षरांत असतं, पण ट्रकच्या पाठीवर किती भार चालतो हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छोट्या पिवळ्या स्टिकरवर असतो. माझ्या गाडीचा 1,600 पौंडांच्या जरा वर. आता हिशोब करा: ट्रेलरचं नाक हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडावर, दाबतं ते 650, हिचचं लोखंड 80, आम्ही चौघं 480, मागच्या हौद्यात जनरेटर, शेगड्या, लाकडं आणि आईस बॉक्स मिळून 300. जवळजवळ संपलं! इंजिनात दम शिल्लक असतो आणि स्प्रिंगांचा मात्र संपत आलेला असतो. दुसरं म्हणजे, माझ्या हिचवरच लिहिलंय की वजन पुढच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी नसेल तर 5,000 पौंडांच्या वर ओढायचं नाही. बरेच जण हा स्टिकर वाचतच नाहीत. मीही पहिलं वर्षभर वाचला नव्हता.

आय-70 हा रस्ता डेन्व्हरच्या 5,280 फुटांवरून निघतो आणि तासाभरात आयझेनहॉवर बोगद्याशी 11,158 फुटांवर पोचतो. आपल्याकडच्या माणसाला अंदाज यावा म्हणून सांगतो, कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि तेही चौपदरी हायवेवर, शेजारून अठराचाकी ट्रक धडधडत असताना. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे मित्राच्या 381 मधले बोगद्याशी अडीचशे-पावणेतीनशेच उरत असणार. टर्बो बाहेर टाकायच्या धुरावर फिरतो आणि पातळ हवा दाबून आत कोंबतो, त्यामुळे माझ्या इंजिनाला उंची फारशी जाणवत नाही.

हे मी दुपारी बोगद्याच्या अलीकडच्या जॉर्जटाउनला पोह्यांचा डबा उघडून समजावत होतो, तेव्हा मित्राची बायको म्हणाली, "म्हणजे कुकरच की!" एका वाक्यात विषय संपवला वहिनींनी. इकडे डोंगरात उघड्या पातेल्यात तुरीची डाळ दोन-दोन तास शिजत नाही, पण कुकर लावला की आतला दाब आपला आपण तयार होतो आणि बाहेर किती फूट उंची आहे याला फारसं महत्त्व राहत नाही.

जॉर्जटाउनच्या पुढे खरा चढ लागतो. मी उजव्या लेनमध्ये ताशी 50 मैलांवर होतो, इंजिन 3,000 ते 3,500 आरपीएमवर, मुलं मागे झोपलेली. मित्राची टंड्रा वेग राखायला खालच्या गिअरमध्ये जाऊन 4,500 च्या वर ओरडत होती. वॉकीटॉकीवर आवाज आला, "काहून बे, तुही गाडी आवाजच नाही करत?" खरं सांगायचं तर मला त्याच्या व्ही-8 चा आवाज आवडतो. पण चढावर माझं इंजिन जास्त निवांत होतं, यात शंका नव्हती. माझं 400 पौंड-फूट टॉर्क (फिरवायचा जोर) 2,750 आरपीएमलाच मिळतं, त्याचं 401 मिळायला 3,600 लागतात. आकडा एकच, पण कुठे मिळतो यावर घाटातला सगळा खेळ आहे.

आता माझी चूक. निघताना घाईत मी पंपावर "रेग्युलर"चं बटण दाबलं होतं. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणजे 85 ऑक्टेन! (दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये याची क्षमता सांगणारा हा आकडा.) बाकी बहुतेक राज्यांत 87 असतं. ही जुनी पद्धत आहे: उंचीवर साध्या इंजिनात हवाच कमी जाते, दाब कमी पडतो, म्हणून 85 वर भागतं. टर्बोला ही सवलत लागू नाही, कारण तो दाब भरून काढतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत किमान 87 लिहिलंय आणि जड ओढायचं असेल तर प्रीमियम घाला असं सुचवलंय. बोगद्याच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन मैलांत गाडी सुस्तावली. पाय दाबला तरी पूर्वीसारखी उसळी नाही. नॉक (पेट्रोलचं अवेळी पेटणं) टाळायला कॉम्प्युटरने ठिणगीची वेळ मागे ढकलली असणार. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नला उतरून उरलेल्या टाकीत प्रीमियम 91 ओतलं, पुढच्या व्हेल पास या घाटाला (10,662 फूट) गाडी पुन्हा माणसात आली. मित्र 85 घालूनच मोआबला पोचला आणि मला प्रत्येक पंपावर हसला. हा खर्च छोट्या टर्बोच्या खात्यात मांडायलाच हवा. युटातही पंपावर 85 दिसेल, त्यामुळे सीमा ओलांडली म्हणून गाफील राहू नका.

चढाचं कौतुक झालं. उतार सगळ्यांनाच सारखा नाही. बोगद्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे जवळपास 8 मैल उतार आहे, कुठे कुठे 7 टक्के, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला वाळूखडीचे चढणारे रस्ते काढून ठेवलेत. ते पाहिलं की हात आपोआप स्टिअरिंगवर घट्ट होतात. आमच्या नाशिककडे कसारा घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मी टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावला, गिअर हाताने खाली घेतला, इंजिन 4,500 वर गेलं, तरी वेग हळूहळू वाढतच होता. पेट्रोल इंजिनाचं ब्रेकिंग सिलिंडर किती हवा ओढतात यावर अवलंबून असतं, आणि पाय काढल्यावर टर्बो काहीच कामाचा नसतो. उतारावर माझी गाडी खरोखरच 2.7 लिटरची होते. मित्राचं 5.7 लिटरचं धूड दुसऱ्या गिअरमध्ये डुलत, ब्रेकला न शिवता उतरलं.

जमलेली पद्धत अशी: माथ्यावरच, उतार सुरू व्हायच्या आधी, वेग 45 वर आणायचा. मग वेग 50 ला गेला की ब्रेक नीट दाबून 40 पर्यंत आणायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा, म्हणजे ब्रेक गार व्हायला वेळ मिळतो. पाय अलगद ठेवून सतत घासत राहिलात तर खाली पोचेपर्यंत वास येतो. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर किती ठेवायचा ते रिकाम्या पार्किंगमध्ये आधी ठरवा. उतारावर तो अभ्यास करू नये.

ग्लेनवूड कॅन्यनमधून नदीच्या कडेने रस्ता जातो तो भाग सुंदरच, पण 2020 च्या वणव्यानंतर तिथे जोराचा पाऊस झाला की दरड येऊ शकते आणि रस्ता बंद होतो. वळसा कित्येक तासांचा असतो, म्हणून निघायच्या सकाळी राज्याच्या रस्तेखात्याची माहिती बघाच. शिवाय 1 सप्टेंबर ते 31 मे आय-70 वरच्या मॉरिसन ते डोटसेरो या पट्ट्यात बर्फासाठीचे टायरचे नियम लागू असतात. ऊन पडलंय म्हणून सुटका नाही.

ग्रँड जंक्शनला मुक्काम केला. पॅलिसेडचे पीच संपत आले होते तरी एक पेटी मिळाली. दुसऱ्या दिवशी युटाच्या वाळवंटात समोरून वारा सुटला आणि एफ-150 च्या ॲव्हरेजचे बारा वाजले. एकटी असताना हीच गाडी हायवेवर गॅलनला 22-23 मैल देते. डोंगरात ट्रेलरसकट साडेनऊ मिळाले होते. वाऱ्यात 8. मित्राचे आकडे: रिकामी 16, डोंगरात साडेआठ, वाऱ्यात साडेसात. म्हणजे ओढताना दोघं जवळपास सारखेच. त्यात गूढ काही नाही. ट्रेलरची भिंत हवेत ढकलायला जेवढं पेट्रोल लागतं तेवढं लागणारच, आणि टर्बो जोरात फिरायला लागला की छोटं इंजिन छोटं राहत नाही. वाचतं ते रिकाम्या गाडीत. मी वर्षात पंधरा-वीस दिवस ट्रेलर ओढतो आणि बाकी वर्षभर ऑफिस, सॉकर आणि महाराष्ट्र मंडळाचे टेबल-खुर्च्या वाहतो, म्हणून मला परवडतं. जो दर आठवड्याला ओढतो त्याने हा फायदा धरू नये. माझी टाकी 23 गॅलनची, ट्रेलरसकट वाऱ्यात दीडशे मैलांवर काटा बघायला लागतो. युटाच्या सीमेआधीच्या फ्रुटाला टाकी भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवीन गाडी घेणार असाल तर मोठी टाकी मागून घ्या, मी तिथे कंजुषी केली.

मोआबच्या आधी डावीउजवीकडे जवळच्या वाटा नकाशात दिसतील. ट्रेलर असेल तर क्रेसेंट जंक्शनहून 191 नंबरचा सरळ रस्ताच धरा. आम्ही डेड हॉर्स पॉइंट पार्कच्या कॅम्पमध्ये राहिलो. तिथे विजेची सोय आहे, पण पाणी टँकरने येतं, ट्रेलरची टाकी भरायला मिळत नाही. ती खालीच भरायची, मात्र डेन्व्हरहून भरून आणायची नाही: 40 गॅलन पाणी म्हणजे 330 पौंड, दोन पास उगाच ओलांडायचे. मोआबमध्ये भरलं आणि पार्ककडे जाणाऱ्या 313 नंबरच्या रस्त्याच्या चढावर लगेच जाणवलं. जागा 4 महिने आधी आरक्षणाला खुली होते आणि चांगल्या जागा पटापट जातात.

रात्री शेकोटीपाशी तोच वाद. मित्राचं म्हणणं, दोन टर्बो म्हणजे बिघडायच्या दोन जागा जास्त. त्याचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. 2024 मध्ये फोर्डने 2.7 आणि 3.0 लिटरच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हपायी 2021-22 च्या नव्वद हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी टोयोटाने टंड्राच्या नव्या ट्विन-टर्बो व्ही-6 मध्ये कारखान्यातला धातूचा कीस राहिला म्हणून लाखभर गाड्या बोलावल्या. हे सांगताना तो फारच खुश होता. मग मी 2025 ची गोष्ट काढली: जनरल मोटर्सने बोलावलेल्या सुमारे सहा लाख गाड्यांत 6.2 लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही-8 होतं. तो गप्प बसून मक्याचं कणीस फिरवायला लागला. माझं मत असं की टर्बोपेक्षा तेलाची हयगय इंजिनं जास्त मारते. मी ओढायच्या मोसमात 5,000 मैलांना तेल बदलतो, आणि मोठ्या चढानंतर थांबलो तर एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवतो. जुनी गाडी बघत असाल तर 2018 किंवा त्यानंतरचं 2.7 बघा. त्यात पेट्रोल दोन ठिकाणी फवारतं, त्यामुळे व्हॉल्व्हवर फारशी काजळी धरत नाही.

ट्रेलर 7,000 पौंडांच्या पुढे असेल तर मात्र मी 2.7 सुचवणार नाही. ओढेल, पण उताराला मन रमणार नाही.

परतीला सिल्व्हरथॉर्नहून बोगद्याकडे चढताना टाकीत 91 होतं. 55 वर आरामात चढलो, टंड्रा मागे 46 वर. बोगदा ओलांडून आयडाहो स्प्रिंग्जकडे उतरायला लागलो तेव्हा ती मागून आली, वॉकीटॉकी खरखरला, "साइड दे बे." दिली.