गिरगावची खोली: मृत्युपत्र बाद, खून आता रविवारी रात्री

माझ्या ‘गिरगावची खोली’ या रहस्यकादंबरीतलं मृत्युपत्र मेलं. खोलीचे भाडेकरू आप्पा पहिल्याच प्रकरणात गेले होते, ते ठीक. पण ज्या कागदापायी त्यांच्या तोंडावर उशी दाबली गेली तो कागदच उडाला, तर खुन्याने करायचं काय?

प्रकरण ११ बीटा वाचनाला (छापण्याआधी काही जणांना वाचून शेरे द्यायला) दिलं होतं. आमच्यातल्या वकीलबाईंचा शेरा एका ओळीचा: ‘पागडीची (एकरकमी पैसे भरून कायम भाड्याने घेतलेली) खोली मृत्युपत्राने देता येत नाही.’ राहत्या जागेचा भाडेहक्क असा कुणाच्या नावे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सांगून ठेवलंय. देवघरामागे लपवलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं, तुम्हा सगळ्यांना आवडलेलं ते मृत्युपत्र म्हणजे रद्दी. खुनी पुतण्याचा हेतू गेला, पोलीस तपास करणाऱ्या राणे मॅडमचा अर्धा तपास गेला. चिडून कपाटाच्या दारावरची कथानकाची सगळी कार्डं उतरवली. (कार्डं अब्दुल रहमान स्ट्रीटवरूनच घ्या. जाड असतात, शाई फुटत नाही.)

मग म्हटलं, कायदाच वाचू. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा म्हणतो, भाडेकरू वारला की हक्क जातो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. तसं कुणी नसेल तर वारसाकडे, आणि एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवणार.

‘मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा.’ इथेच गाडं सुटलं! आप्पांनी काय लिहून ठेवलं याला शून्य किंमत. ते गेले तेव्हा खोलीत कोण राहत होतं, एवढंच महत्त्वाचं. म्हणजे पहिल्या बायकोची मुलगी, जिच्याबद्दल चाळीत कुणी कधी बोललं नाही ती आपली बदलापूरची, कायमची राहायला येणार आहे हे पुतण्याला कळलं की त्याच्याकडे वेळच उरत नाही. ती आली, रेशनकार्डावर नाव चढलं, की पुनर्विकासातल्या फ्लॅटला दुसरा दावेदार. १८० फुटांची खोली जाऊन उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या नियमाने किमान ३०० चौरस फूट मिळणार, तेही गिरगावात. पुतण्या कायद्याने ‘कुटुंबीय’ ठरतो का यावर वाद होऊ शकतो, असं वकीलबाई म्हणतात. होऊ दे, शेवटच्या प्रकरणाला तोच हवाय.

आता तारीख. ती सोमवारी सकाळी येणार, तर खून रविवारी रात्री. आणि हे लिहितानाच सुचलं: ७ जुलै २०२४ हा रविवार! त्या रात्री एक ते सकाळी सात या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, मध्य रेल्वे कोलमडली. बदलापूरची वाटेतच अडकते. पुतण्याला वाटतं ती येऊन खाली उभी आहे, आणि तो नको ती घाई करतो. शिवाय नवे फौजदारी कायदे लागू होऊन जेमतेम आठवडा झालेला. खुनाचा गुन्हा दाखल होतो नव्या कलम १०३ खाली, पण तावडे हवालदाराच्या तोंडून जुनं ३०२च निघतं. हा संवाद एका बैठकीत उतरला, एक शब्द बदलावा लागला नाही. (तोंडी सांगून टंकन करायचं ॲप मात्र ‘पंचनामा’चं दर वेळी ‘पंचामृत’ करतं. पुन्हा वही-पेन.)

नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. तर तावडे मोबाइलवर शूटिंग करतो, हात हलतोय, सगळं तिरकं. राणे मॅडम दोन दिवसांनी परत खोलीत जातात तेव्हा भिंतीवर एक खिळा आणि एक उजळ चौकोन. व्हिडिओत मात्र तिथे फोटो लटकलेला दिसतो: आप्पा, नऊवारीतली अनोळखी बाई, मांडीवर तान्ही पोर. मृत्युपत्राची सगळी कामं आता हा फोटो करेल, त्यामुळे प्रकरण ४मधलं देवघर सरळ उडवतोय.

अडलंय एकाच ठिकाणी. फोटो पुतण्याने काढला की त्याच्या आईने? काकूंनी काढला असेल तर त्यांना ती मुलगी इतकी वर्षं माहीत होती, आणि मग खुनी बदलावा लागेल. काकू मला जास्त पटायला लागल्यात.

त्या सोमवारी पहाटे बदलापूर-कल्याणकडून निघालेलं कुणी असेल तर सांगा: गाडी कुठे थांबवली, घोषणा काय होत होत्या, रुळांवरून चालत कोण गेलं. प्रकरण ९ तेवढ्यासाठी थांबलंय.