करवलीचे केस आणि बोअरचं पाणी

लग्न परवावर, हळद उद्या, आणि करवली दुपारी पार्लरमध्ये येऊन म्हणते, "ताई, स्ट्रेटनिंग करून टाका." सोबत आई. केसांना चपचपीत खोबरेल तेल, वर घट्ट वेणी. मे महिन्यात सोलापुरात अशा मुली सारख्याच येतात. पण या एका डोक्यावर इतक्या अडचणी एकत्र आल्या होत्या की हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी अजूनही हेच उदाहरण देते.

नाही म्हणण्याचं पहिलं कारण व्यवहाराचं होतं. स्मूदनिंग असो की रिबाँडिंग, रसायनाने केस सरळ करण्याच्या बहुतेक प्रकारांत नंतर साधारण तीन दिवस केस भिजवायचे नसतात, बांधायचे नसतात, कानामागेही घ्यायचे नसतात. इथे उद्या हळदीचं पाणी आणि परवा गजरा. दुसरं कारण वेणी सोडल्यावर दिसलं. मुळापासून आठ-नऊ इंच केसांना चांगलं गोल वळण, आणि खालचे पाच इंच एकदम सरळ, टोकांना फाटे फुटलेले. दीड वर्षापूर्वी रिबाँडिंग केलेलं. केस महिन्याला अंदाजे अर्धा इंच वाढतो, त्यामुळे हिशोब बरोबर जुळत होता.

रिबाँडिंगच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतं. मग प्रेस फिरवून केस सरळ केला की न्यूट्रलायझर ते बंध त्याच सरळ अवस्थेत पुन्हा जोडतं. हे कायमचं असतं. मास्क, स्पा, कांद्याचं तेल, काहीही करा, तेवढ्या भागात वळण परत येत नाही. तो भाग वाढून खाली सरकतो आणि शेवटी कात्रीनेच जातो. 'केरॅटिन' म्हणून केस सरळ करायचं जे विकतात ते काही महिन्यांत उतरतं हे खरं. पण अशा काही मिश्रणांत ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. लग्नाच्या गडबडीत तर मी ते कुणालाच सुचवत नाही.

"राठच आहेत हो हिचे," आई म्हणाल्या. "विंचरले की नुसते फुलतात."

"कोरडे विंचरता ना काकू, म्हणून फुलतात."

एक लट म्हणजे शेजारशेजारचे पन्नासशंभर केस एकाच दिशेने वळून एकत्र बसलेले असतात. कोरड्यावर कंगवा फिरवला की ते सुटे होतात, आणि प्रत्येक केस आपापल्या वळणाने उभा राहतो. तेल लावून दाबले की तेवढ्यापुरते गप्प बसतात, इतकंच.

आता पाणी. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या दिवशी टाकीत बोअरचं पाणी होतं, आणि हिच्या घरीही अंघोळीला बोअरचंच. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतात, वरचं आवरण खरखरीत करतात आणि कंडिशनर आत पोचू देत नाहीत. आरओवाले मीटर बुडवून टीडीएसचा आकडा दाखवतात, पण तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो, जडपणाचा नव्हे. घरच्या घरी बघायचं तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. फेस न होता पांढरी साय तरंगली तर जड. शाम्पू किंवा हँडवॉश घालून ही कसोटी होत नाही, ते जड पाण्यातही फेसाळतात. आणि "आमचं पाणी तपासून पास झालंय" याचा इथे काही उपयोग नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० मिलिग्रॅमचं पाणी पोटाला चालतं, कुरळ्या केसांना नाही.

म्हणून धुणंच तीन टप्प्यांत केलं. आधी तेल काढायला साधा शाम्पू, फक्त टाळूवर, साधारण १० मिलिलिटर. फेस आलाच नाही. तेल जास्त असलं की पहिल्यांदा येतच नाही, तेव्हा आणखी शाम्पू ओतत बसायचं नाही. दुसऱ्यांदा क्षार काढणारा, ईडीटीए (क्षार धरून ठेवणारं रसायन) असलेला शाम्पू मुळापासून टोकापर्यंत लावून पाच मिनिटं ठेवला. खरेदी करताना घटकांची यादी बघा. ईडीटीए बहुतेक शाम्पूंत शेवटी नावापुरतं असतं, ते शाम्पू टिकावा म्हणून. क्षार काढायचे तर ते यादीत बरंच वर हवं. तिसरा टप्पा लिंबूसत्त्वाचा: एक लिटर बोअरच्या पाण्यात चहाचा पाव चमचा, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. ते केसांवर ओतायचं, मिनिटभर ठेवायचं, धुवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. विकतच्या जारच्या आरओ पाण्यात हेच प्रमाण फार आंबट होतं, कारण त्यात आम्ल मारणारे क्षार फार कमी असतात. तिथे निम्म्याहून कमी पुरे. सगळ्यात शेवटचं पाणी मात्र जारचंच, दोन लिटर, मगने. वीस लिटरच्या जारात असे बरेच केस धुऊन होतात, त्यामुळे खर्चाचं कारण कुणी सांगू नये.

कंडिशनर भरपूर लावला आणि तो केसांत असतानाच गुंता काढला: आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. ओंजळीत थोडं पाणी घेऊन लटा खालून वर दाबत गेलं की पाणी आणि कंडिशनर दोन्ही आत शिरतात. हात भेंडीच्या बुळबुळीतून सरकावा तसा सरकला पाहिजे. सरकत नसेल तर कंडिशनर नव्हे, पाणी कमी पडलंय.

इथे आणखी एक गोष्ट कळली. चेहऱ्याजवळच्या दोन्ही बाजूंच्या बटा ओल्या असतानाही वळत नव्हत्या, आणि तिथे तर मुळापासून नवे केस होते. एक ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणला. निरोगी ओला केस साधारण तीस टक्के ताणला जातो आणि सोडल्यावर परत जागेवर येतो. हा ताणला आणि तसाच राहिला. विचारल्यावर उत्तर आलं: खालचे केस सरळ दिसतात म्हणून पुढचेही सरळ दिसावेत यासाठी रोज कॉलेजला जाताना मशीन फिरवायची, तापमान सगळ्यात वरचं. या बटा आता कुठल्याही क्रीमने स्वतःहून वळणार नव्हत्या. त्यांना जेल लावून एकेक बट बोटाभोवती गुंडाळली आणि मुळाशी छोटी क्लिप लावली. दोन दिवसांपुरती सोय.

एरवी कुरळे केस मी कोरडेच कापते, कारण ओला ताणलेला केस वाळल्यावर दोन-तीन इंच सहज आखडतो आणि मुलगी आरशात बघून रडायला लागते. इथे उलटं केलं. सरळ भाग आखडत नाही, त्यामुळे त्याचं ओलं माप खरं ठरतं. पाचही इंच काढू या म्हटलं, तर आईंचा ठाम नकार: "लग्नात केस आखूड नकोत." दोन इंचांवर तडजोड झाली. थिनिंगची कात्री अजिबात लावली नाही; ती मधले केस आखूड करते, आणि कुरळ्या केसांत ते आखूड केस बाहेर डोकावत राहतात.

यानंतरचं सगळं केसांतून पाणी टपकत असतानाच करायचं असतं. लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर) एक चमचा, जेल दोन-अडीच मोठे चमचे, मानेवरच्या थरापासून सुरुवात. दोन्ही आधी तळहातावर एकत्र चोळून बघावीत. फाटून पांढरे कण झाले तर केसांतही तेच होणार आणि लोक त्याला कोंडा म्हणणार. जेल निवडताना ग्लिसरीन यादीत वर असलेलं टाळलं. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत ग्लिसरीनला हवेत ओलावा सापडत नाही, मग ते केसातलाच ओढून घेतं. पावसाळ्यात दमट हवेत तेच उलटं वागतं, बाहेरचा ओलावा ओढून केस फुगवतं.

उरलेले तीन सरळ इंच फ्लेक्सी रॉडवर, म्हणजे केस गुंडाळायच्या मऊ, वाकणाऱ्या कांड्यांवर घेतले. रॉडची जाडी वरच्या नैसर्गिक वळणाएवढी हवी. हिच्यासाठी मार्कर पेनाएवढी. गुंडाळायचं फक्त सरळ भागापुरतं, आणि वरची लट ज्या दिशेला वळते त्याच दिशेने. दिशा चुकली की मध्ये एक मोड दिसतो आणि सगळं नकली वाटतं.

पाणी टिपायला मी जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा वापरते. टॉवेलांच्या गावात राहून टॉवेल नको म्हणणं विचित्र वाटतं, पण टेरी टॉवेलचे फासे एकेक केस लटेतून उपसतात. पुसायचं नाहीच, खालून वर दाबायचं.

मग कूलर. डिफ्यूझर (ड्रायरला लावायचं, हवा पसरवणारं वाटीसारखं तोंड) चालू असताना कूलरचा झोत अंगावर असला की एकीकडून वाळवतोय आणि दुसरीकडून भिजवतोय अशी गत. बंद करावा तर टाळूला घाम येतो आणि मुळं फुलतात. मी पंप बंद करून नुसता पंखा ठेवते, तोंड भिंतीकडे. ड्रायरची हवा कमी, उष्णता मध्यम. पहिली पंधरा मिनिटं डिफ्यूझर केसांना न टेकवता भोवती फिरवायचा, म्हणजे वर जेलचं कडक कवच धरतं. त्यानंतर लटा वाटीत घेऊन वर उचलायच्या. तोवर कुणीही हात लावायचा नाही, आईनेसुद्धा नाही. रॉड लावलेली टोकं उशिरा वाळतात. पूर्ण वाळून गार झाल्याशिवाय रॉड सोडले तर दहा मिनिटांत केस पुन्हा सरळ.

"ताई, हे तर कडक झालेत!" ती घाबरली. होऊ देत. पूर्ण वाळल्यावर तळहातावर दोन-तीन थेंब तेल चोळून लटा हलकेच चुरल्या की कवच मोडतं आणि केस मऊ पडतात. अर्धवट ओल्यावर चुरलं तर सगळी मेहनत फुकट. शेवटी दोन-चार लांब राहिलेल्या लटा कोरड्यावरच बरोबर केल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी हेच पुन्हा करायचं ठरलं. मधल्या रात्रीसाठी केस डोक्याच्या अगदी वर सैल बांधायचे आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा. गाडीवर स्कार्फ बांधायचाच असतो, तर आत सॅटिनचा कपडा. जवसाचं जेल चालेल का, आईंनी विचारलं. रोजच्याला चालेल: पाव कप कच्चं जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, आणि तार धरली की गरम असतानाच गाळायचं, गार झाल्यावर गाळता येत नाही. चटणीसाठी भाजून ठेवलेलं जवस नको. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर या उन्हात लगेच खराब होतं. पण त्याची पकड हलकी, कार्यालयात निभावणार नाही.

कार्यालयात आता पाण्याचे फवारे उडवणारे पंखे असतात. ओलं करून वाळवून बसवलेलं वळण पाण्यानेच सुटतं, त्यातही रॉडवर घेतलेली टोकं सगळ्यात आधी. म्हणून करवलीला सांगितलं, पंख्यासमोर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. गजरा पाण्यातून काढल्यावर झटकून अर्धा तास पंच्यावर पसरून ठेवायचा, मग माळायचा. नाहीतर बरोबर गजऱ्याखालचाच पट्टा फुलतो. उरलेल्या तीन इंचांसाठी दर तीन महिन्यांनी दीड इंच कापायचं आहे. तेवढीच वाढ होते, म्हणून लांबी कमी झालेली आईंना दिसणारही नाही.