स्लॉट किती वॅट देतो, एवढेच विचारले होते

ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलण्याविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक भर कोणते कार्ड किती वेगवान आहे यावर असतो. माझा सगळा वेळ मात्र दुसऱ्याच प्रश्नात गेला: मदरबोर्डवरील ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, त्याला किती वॅट वीज पुरवण्याची सोय निर्मात्याने केली आहे. हा आकडा संगणक बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असतोच, कारण तो ठरवल्याशिवाय मदरबोर्ड तयार होत नाही. ग्राहकाला तो कळू द्यायचा नाही, असा मात्र तिच्या ग्राहक सेवा विभागाने पणच केला असावा.

मला कार्ड हवे होते ते व्हिडिओ संपादनासाठी, कारण प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर मोठ्या चित्रफिती अडखळत चालत होत्या. माझ्या संगणकातील एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, २६० वॅटचा आहे आणि ग्राफिक्स कार्डाला जोडायची सहा किंवा आठ पिनांची एकही वायर त्यातून बाहेर येत नाही. मोठा एसएमपीएस घालावा, तर मदरबोर्डचा वीज-कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचा नसून कंपनीच्या स्वतःच्या रचनेचा आहे आणि कॅबिनेटमधील जागाही बाजारातील मापाशी जुळत नाही. त्यामुळे कार्डाला लागणारी सगळी वीज स्लॉटमधूनच मिळायला हवी होती. हा स्लॉट ज्या पीसीआय एक्स्प्रेस प्रकारचा असतो, त्याच्या मानकानुसार सोळा लेनच्या (लेन म्हणजे माहिती ये-जा करण्याचे मार्ग) स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात आणि त्यांतील ६६ वॅटपर्यंतचा भार १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर येऊ शकतो. परंतु ७५ ही मानकाने आखलेली वरची मर्यादा आहे. काही तयार संगणकांच्या, विशेषतः छोट्या कॅबिनेटच्या, माहितीपत्रकात त्याहून कमी आकडा दिलेला असतो. माझ्या मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या लेन मोजून दिल्या होत्या, वॅटचा मात्र उल्लेखच नव्हता.

म्हणून कंपनीला विचारायचे ठरवले. ऑनलाइन अर्जात समस्येचा प्रकार निवडणे सक्तीचे होते आणि यादीत संगणक सुरू न होणे, पडदा काळा राहणे, आवाज न येणे अशा सगळ्या आजारांची सोय होती; धडधाकट संगणकाविषयी कोणाला साधी माहिती हवी असेल, ही शक्यता कोणाच्या मनात आलेली दिसली नाही. 'इतर' निवडून प्रश्न पाठवला. उत्तरात सिरियल नंबर मागितला गेला, जो भरल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नव्हता. तो पुन्हा कळवल्यावर ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा सल्ला मिळाला. माझ्याकडे अजून कार्डच नाही, तेव्हा कोणता ड्रायव्हर अद्ययावत करू, असे विचारल्यावर 'बाहेरचे सुटे भाग लावल्यास वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो' हा ठरावीक मजकूर आला आणि त्यापाठोपाठ माझी तक्रार 'निवारण झाली' म्हणून बंद झाल्याचा मेलही आला. सेवेबद्दल किती तारे द्याल, हेही त्यातच विचारले होते.

फोनवरची माणसे सौजन्याने बोलत होती, हे नमूद केले पाहिजे; पण त्यांच्यासमोरच्या पडद्यावर या प्रश्नाचे उत्तर नसावे, कारण प्रत्येक संभाषण अखेरीस मला कोणते कार्ड घ्यायचे आहे यावर येऊन थांबे आणि त्या कार्डाचे नाव घेतले की 'ते आम्ही प्रमाणित केलेले नाही' हे वाक्य ठरलेले असे. यातून मिळालेला धडा असा, की कार्डाचे नाव मुळीच घेऊ नये. 'या मॉडेलच्या सोळा लेनच्या स्लॉटची कमाल वीज मर्यादा किती वॅट आहे, आणि कॅबिनेट उघडून कार्ड बसवल्यास वॉरंटी कायम राहते का' एवढे दोनच प्रश्न लिहून विचारावेत आणि ते हार्डवेअर विभागाकडे पाठवण्याची विनंती करावी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला लेखी मिळाले: कॅबिनेट उघडण्यास हरकत नाही, बाहेरच्या भागाची आणि त्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीची नाही. पहिल्या प्रश्नावर मॅन्युअल पाहण्याची सूचना झाली, म्हणजे ज्या पानावर तो आकडा नाही म्हणून मी विचारायला आले होते, त्याच पानाकडे मला परत पाठवण्यात आले.

अखेर उत्तर मिळाले ते मात्र कंपनीच्याच कागदपत्रांतून, आणि ही शोधाशोध मी स्वतः केली याचा मला थोडा अभिमानही आहे. तेच कॅबिनेट आणि तोच मदरबोर्ड कंपनी कार्यालयांसाठी वेगळ्या नावाने विकते. त्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीत, माझ्या एसएमपीएसवर छापलेल्या भाग-क्रमांकाच्याच एसएमपीएससोबत, कारखान्यातून बसवून मिळणारे ७५ वॅटचे आणि वेगळ्या वायरीची गरज नसलेले ग्राफिक्स कार्ड नोंदलेले होते. दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेतील स्लॉटच्या तक्त्यातही ७५ वॅट असे स्पष्ट छापलेले होते. ज्यांना सरळ उत्तर मिळत नसेल त्यांनी हाच मार्ग धरावा: आपल्याच कॅबिनेटमध्ये, आपल्याच एसएमपीएसवर, कंपनीने स्वतः कोणती कार्डे विकली होती ते पाहावे.

त्यानंतरचा हिशेब सोपा होता. एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टच्या दोन लाइन दिलेल्या असतील, तर त्यांच्या अँपिअरची बेरीज करू नये. खाली दिलेली एकत्रित मर्यादा वाचावी. माझ्याकडे ती २४० वॅट आहे. प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा असला तरी थोड्या वेळासाठी त्याहून बराच जास्त भार घेतो, म्हणून त्याचे १०० धरले. कार्डाचे ७० आणि डिस्क, पंखे, मदरबोर्ड यांचे ४० धरूनही ३० वॅट शिल्लक राहत होते.

कार्ड निवडताना नावांपेक्षा आकड्यांकडे पाहावे लागते. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबीचे १३० वॅटचे आणि ६ जीबीचे ७० वॅटचे अशी दोन कार्डे आहेत, आणि पहिल्याला वेगळी वायर लागते. जीटीएक्स १६५० मूळ ७५ वॅटचे असले तरी त्याच्या काही आवृत्त्यांवर सहा पिनांचे कनेक्टर असते, म्हणून खोक्यावरील छायाचित्रात कार्डाची वरची कड नीट पाहावी. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेते, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार चित्रफीत वेगाने साठवून देणारा भाग, नाही, त्यामुळे माझ्या कामाला ते निरुपयोगी होते. शिवाय ते चारच लेन वापरते, आणि माझ्यासारख्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या मदरबोर्डवर त्याचा वेग आणखी घटतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय नसलेल्या जुन्या संगणकावर पूर्ण वेग मिळत नाही. मी ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० घेतले.

डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीतून सहा पिनांचे कनेक्टर काढून देणारे अडॅप्टर लावा, म्हणजे कोणतेही कार्ड चालेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. साटाच्या वीज-कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनांच्या कनेक्टरवर मात्र कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते. असे कनेक्टर वितळण्याचे प्रकार घडतात, आणि हा सल्ला देणारा तेव्हा विझवायला येत नाही.

कार्ड बसवण्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही: वायर काढून वीजबटण काही क्षण दाबून धरले, कॅबिनेटच्या धातूला हात लावला, कार्ड स्लॉटमध्ये खिटी लागेपर्यंत दाबले आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला जोडली. बायोस (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम) अद्ययावत करणार असाल, तर त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, तात्पुरते थांबवावे आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी, अन्यथा संगणक सुरू होतानाच ती मागतो. त्यानंतर मी प्रोसेसर आणि कार्ड यांच्यावर एकाच वेळी पूर्ण भार टाकून बराच वेळ चाचणी घेतली, कारण वेगवेगळ्या चाचण्यांत एसएमपीएसची खरी परीक्षा होत नाही. कार्डाचा वीजवापर ७० च्या आसपास राहिला आणि संगणक बंद पडला नाही.

खरेदीपूर्वीच पाहायची एक गोष्ट इथे उशिरा आठवते आहे: स्लिम कॅबिनेट असेल, तर कार्ड लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) आहे का, खोक्यात आखूड ब्रॅकेट (कार्ड कॅबिनेटला अडकवायची धातूची पट्टी) दिलेले आहे का, आणि कार्ड दोन स्लॉटची जागा घेत असल्यास त्याच्या शेजारी एसएमपीएस किंवा डिस्कचा पिंजरा येत नाही ना, हे पट्टीने मोजून घ्यावे. माझ्या कॅबिनेटमध्ये पंख्याच्या बाजूला एका बोटाएवढी जागा उरली आहे आणि तापमान पाहता तेवढी पुरते.