पोकलेनकडून टिपर आपोआप आणि समान भरून घेताना

मुरूम-डबराच्या खाणीत आम्ही २० टनी पोकलेनवर टिपर आपोआप भरण्याची यंत्रणा बसवली. बाहेरून बघणाऱ्याला बूम (पोकलेनचा मोठा हात) आणि आर्म (त्याच्या पुढचा छोटा हात) हलवणंच अवघड वाटतं. ते जमतं. खरा कस लागतो तो प्रत्येक बकेटनंतर हौद्यात माल कुठे आणि किती पडला हे कळण्यात.

२८ टनी दहाचाकी टिपरमध्ये माल साधारण १७ टन बसतो. सुटा मुरूम घनमीटरला १.६ टन धरला, तर तो साडेदहा घनमीटरच्या आसपास होतो. हौदा मात्र १४ घनमीटरचा. म्हणजे हौदा काठोकाठ दिसला की गाडी ओव्हरलोड झालेलीच असते, आणि मोटार वाहन कायद्यानुसार दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. समान भरण्याचं महत्त्व एका हिशेबात कळतं. पुढचा एक्सल ते मागच्या जोड-एक्सलचा मध्य हे अंतर साडेचार मीटर असेल आणि १७ टनांचा भार २० सेंटिमीटर पुढे सरकला, तर पुढच्या एक्सलवर पाऊण टन वाढतं. भार डावी-उजवीकडे सरकलेला असेल तर तो रस्त्यावर फारसा जाणवत नाही. खाली करताना हौदा वर उचलला की गाडी कलंडते.

जॉयस्टिकची पायलट लाइन, म्हणजे मुख्य व्हॉल्व्हला आदेश पोचवणारी कमी दाबाच्या तेलाची लाइन, ३५-४० बारची असते. तिला समांतर इलेक्ट्रिक प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (करंटच्या प्रमाणात दाब देणारे) लावले आणि दोन्ही दाब शटल व्हॉल्व्हमधून स्पूलकडे, म्हणजे मुख्य व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याकडे, नेले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: शटल व्हॉल्व्ह जास्त असलेला दाब पुढे सोडतो. त्यामुळे ऑपरेटरने जॉयस्टिक सोडून दिली तरी यंत्रणेचा आदेश थांबत नाही. पायलट दाब पूर्ण तोडणारा वेगळा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) हवाच. त्याचं लाल बटण केबिनमध्ये एक आणि खाली उभ्या माणसाच्या हातातल्या रिमोटवर एक.

प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट आणि सिलिंडरचा वेग यांचा तक्ता करावा लागतो. सुरुवातीच्या करंटला काहीच हलत नाही, मग एकदम हलतं. ही सुरुवात नेमकी पकडली नाही तर बकेट जागेवर पोचूनही थरथरत राहते. तेल ४५-५० अंशांवर आल्यावरच हा तक्ता करा. थंड तेलावर केलेला दुपारी चुकतो.

बूम, आर्म, बकेट आणि खालची चेसिस यांवर एकेक कलमापक, आणि स्विंगला, म्हणजे पोकलेनचा वरचा भाग फिरतो तिथे, कोन मोजणारा एन्कोडर. बकेटच्या पिनांना २-३ मिलिमीटर खेळ असेल तर टोकाशी तो बराच वाढतो, म्हणून आधी पिना आणि बुश बघून घ्या.

वजनासाठी बूम सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर सेन्सर लावले. मुख्य दाब ३५० बारच्या घरात असला तरी झटके मोठे येतात, म्हणून सेन्सर ६०० बारचे. दोन्ही बाजूंच्या दाबांतून सिलिंडरचा जोर काढायचा, बूमच्या पिनेभोवती त्याचा आघूर्ण (जोर गुणिले पिनेपासूनचं लंब अंतर) घ्यायचा, त्याच स्थितीतल्या रिकाम्या बकेटचा आघूर्ण वजा करायचा आणि मालाच्या आडव्या अंतराने भागायचं. सीलचं घर्षण वर जाताना आणि खाली येताना उलट दिशांना लागतं. त्यामुळे वाचन फक्त बूम एकसारख्या वेगाने वर जात असताना घ्यायचं.

चुकांमध्येही फरक आहे. दर बकेटला चार टक्के इकडे-तिकडे झालं, तर दहा बकेटांत बरंचसं फिटतं आणि शेवटी २०० किलोच्या आसपास उरतं. तेच चार टक्के सतत एकाच बाजूला असतील तर १७ टनांवर ६८० किलो होतात. म्हणून काट्यावरची पावती रोज यंत्रणेच्या आकड्याशी ताडून बघायची.

हौदा बघायला पोकलेनच्या केबिनवर लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९० च्या दशकात २५ टनी यंत्रावर दोन लेझर स्कॅनर लावून ट्रक भरून दाखवला होता. मूळ कल्पना आजही तीच आहे. उंच बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) कुशीत उपग्रहाचा सिग्नल डळमळतो, म्हणून आम्ही टिपरची जागा थेट पोकलेनच्या सापेक्षच मोजतो. माल पडेल तसे पाटे दबतात आणि हौदा काही सेंटिमीटर खाली जातो. त्यामुळे हौद्याच्या चार कडा प्रत्येक बकेटनंतर नव्याने शोधाव्या लागतात. धुळीत लायडारला खोटा ढीग दिसतो. एकाच किरणाचे दोन परतावे आले तर शेवटचा घ्यायचा, आणि वरून पाणी मारत राहायचं.

हौद्याचे २५ सेंटिमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाची उंची साठवतो. जिथे ठरलेल्या आकारापेक्षा सर्वांत जास्त कमी आहे तिथे पुढची बकेट. बारीक माल आधी, तळाला गादीसारखा. मोठे दगड त्यावर, जोड-एक्सलच्या मध्यावर. बकेट एका जागी उलटायची नाही. ती उघडत असताना आर्म मीटरभर बाहेर न्यायचा, म्हणजे माल पसरत पडतो. टिपरच्या केबिनवरून बकेट नेणारा मार्ग सॉफ्टवेअरमध्येच बंद ठेवलाय.

भरलेल्या बकेटने स्विंग थांबायला जास्त कोन लागतो. ब्रेक कुठे लावायचा हे त्यामुळे त्या फेरीच्या वजनावरूनच ठरवावं लागतं, नाहीतर बकेट फाळक्याला घासते.

पावसाळ्यात ओला मुरूम बकेटला चिकटतो, कधी पाव बकेट परत येते. उलटून झाल्यावर बकेट पुन्हा तोलून तेवढं वजा करायचं. चिकटलेलं वाढलं तर यंत्रणा दोनदा झटका देते. शेवटच्या बकेटला उरलेलं वजन आधी काढून तेवढंच खणायचं. दीड टन हवं असताना दोन टनांचा धोंडा आला, तर तो बाजूला ठेवून पुढच्या टिपरमध्ये पहिल्या काही बकेटांनंतर घालायचा.