बँकर

३१ मार्चची धावपळ ओसरली की माझ्या टेबलावर मूल्यमापनाचे फॉर्म येतात. ठेवी किती आणल्या, वसुली किती, पॉलिसी किती विकल्या. बाकीच्यांचे फॉर्म मी चहा निवायच्या आत भरतो. आप्पांच्या फॉर्मपाशी दरवर्षी माझं पेन अडतं.

आप्पा भुसावळहून चाळीसगावला अपडाऊन करतात. काउंटरवर हात बेताचाच चालतो. पॉलिसी विकणं तर त्यांना जमतच नाही; समोरच्याची ऐपत बघून तेच म्हणतात, राहू द्या.

परवाचीच गोष्ट. पारा ४२ च्या पुढे, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि कपाशीच्या पीकविम्याची चौकशी करणाऱ्यांची रांग दारापर्यंत. नुकसान ठरतं पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यांवरून, पैसे पाठवते विमा कंपनी, पण खातं आमच्याकडे म्हणून जाब आम्हाला. एका म्हाताऱ्या बाबांनी खिडकीतून अहिराणीत विचारलं, "मना पैसा उनात का?" खिडकीवरची मुलगी नवी, साताऱ्याकडची. तिला त्यात फक्त ऊन ऐकू आलं.

"हो ना बाबा, फारच ऊन आहे," ती म्हणाली.

बाबांना वाटलं, थट्टा केली. आवाज चढला, मागचे चौघे पुढे सरकले. मी केबिनमधून उठेपर्यंत आप्पा पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर पोचलेही होते. "बठा बाबा, पानी पी ल्या." मग पासबुक स्वतः छापून आणलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. पैसे आलेले नव्हतेच. तरी बाबा शांतपणे गेले. दुपारी डबा खाताना आप्पा त्या मुलीला हळूच म्हणाले, "उनात म्हणजे आले, ताई." एवढंच.

मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून इंजिनं जोडतात. घाटाची चढण ३७ ला १, पुढच्या इंजिनाला एकट्याला ती झेपत नाही. इगतपुरीला ती गुपचूप सुटतात. गाडीतल्यांचं लक्ष तेव्हा वड्यांकडे असतं. (माझंही असतं.) रेल्वेवाले या मागच्या इंजिनाला 'बँकर' म्हणतात. हेही मला आप्पांनीच सांगितलं. भुसावळच्या माणसाला इंजिनाचं शिकवावं लागत नाही. आम्ही सगळे व्हिजिटिंग कार्डावर स्वतःला बँकर म्हणवून घेतो, ते सोडा.

तर फॉर्म. 'उल्लेखनीय कामगिरी' या रकान्यात जे झालं ते लिहायचं असतं. आप्पांमुळे जे होत नाही, ते कुठे लिहू? या वेळी धीर करून लिहिलं, "शाखेत भांडण झालं नाही."

दोन दिवसांनी वरून फोन. "साहेब, असं वाक्य चालत नाही. आकडा टाका."

मी शून्य टाकला.